पाठीला लागणारा टाका

पिशवी गळाली, असं प्रसेनजितने फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यालाच झापलं.

"तुमी तोंड नीट गुंडाळलं नसन," मी म्हटलं. "माही शिलाई गळत नाही."

"वहिनी, तोंड वरतं हाय आन पाणी बुडातून आलं," तो म्हणाला. "माही स्लीपिंग बॅग ओली झाली. गडावर रातभर कुडकुडत बसलो. पिशवी पार्सल केली हाय, पाहून घ्या. एक चान्स आणखीन देतो, पण या खेपेले गळली तं मले दुसरीकडून घ्या लागतीन."

प्रसेनजित मेडशीच्या माणिकरावांचा मुलगा. पुण्यात नोकरी करतो आणि सुट्ट्या लागल्या की लोकांना घेऊन डोंगर चढतो, कधी इकडचे गड, कधी हिमालय. त्याच्यासोबत चालणारी माणसं अजब आहेत. कमीत कमी वजन घेऊन जास्तीत जास्त चालायचं, हे त्यांचं वेड. त्यातले काही जण दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकतात, तेवढंच वजन वाचतं म्हणे. मी हे तांड्यात सांगितलं तेव्हा शेजारची रुपाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. आमच्याकडे पाठीवर ओझं घेऊन माणूस पोटासाठी चालतो, त्यांच्याकडे हौसेसाठी. पण पाठ ती पाठच. तिला दोन्हीकडे सारखंच दुखतं, आणि मला ते कळतं.

मी निता. मानोऱ्याजवळच्या तांड्यात राहते. नवरा बादल, सासू कमलीबाई. सासूला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई, म्हणून मीही म्हणते. घरात आम्ही आमच्या गोरमाटीतच बोलतो, इथे तुम्हाला समजावं म्हणून ते बोलणं वऱ्हाडीत सांगते. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही भोसरीला होतो. बादल बांधकामावर, मी एका लहानशा कारखान्यात. कारखाना कसला, एका खोलीत तीन मशिनी आणि एक मालक, तोही शिवायला बसायचा. तिथे मी डोंगरात न्यायच्या हलक्या पिशव्या शिवायला शिकले. छत्रीच्या कापडाहून पातळ कापड, हातातून माशासारखं निसटतं. मशीनखाली ते सरळ धरायलाच मला एक महिना लागला. पुढे याडीचे गुडघे गेले, आम्ही परत आलो, आणि मी पायाची मशीन घेऊन ओसरीत बसले.

आता तुम्ही म्हणाल, बंजाऱ्याची बाई शिवणार म्हणजे आरसे, कवड्या, रंगीत भरतकाम. सगळे तेच म्हणतात. अमरावतीच्या एका प्रदर्शनवाल्या बाई तर माझी करडी पिशवी हातात घेऊन इतक्या हिरमुसल्या, की जणू मी त्यांना फसवलं. "यात तुमची कला कुठे आहे?" म्हणाल्या. मी म्हटलं, हातात उचलून पाहा. अर्ध्या किलोच्या आत आहे आणि पंधरा किलो वाहते, हीच माझी कला. त्या दुसऱ्या दुकानाकडे गेल्या. जाऊ देत. आरसा लावला की चार तोळे वाढतात, आणि ते चार तोळे डोंगरात कोणाच्या तरी खांद्यावर बसतात. मी नाही लावणार.

प्रसेनजितला बारा पिशव्या हव्या होत्या, डिसेंबरात बर्फात जाणाऱ्या त्याच्या टोळीसाठी. त्याआधी नमुना म्हणून एक पाठवली आणि तीच गळाली. त्या बारांवर माझं काय अडलं होतं तेही सांगते. दसरा झाला की गोविंदसिंग मुकादमाचा ट्रक तांड्यात येतो आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या भरून नेतो. जोडीला कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कोणी नेत नाही. म्हणजे मी गेले नाही तर बादलही जाऊ शकत नव्हता. आमच्या दोघांचं भांडण होऊन होऊन एका जागी थांबलं होतं.

"ट्रक येयाच्या आंदी त्या बारा पिशव्याइचं पक्कं झालं तं राहू," बादल म्हणाला होता. "नाही झालं तं जाऊ. मंग तोंड फुगवजो नको."

मला उसाला जायचं नव्हतं. एवढंच. पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, कुडकुडत उठायचं, अंधारात मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. चार हंगाम केलं मी ते. अजूनही रस्त्याने उसाची गाडी गेली की माझी मान आपोआप आखडते. ही मशीन मला त्यातून बाहेर काढणार होती, आणि मी तिला सोडणार नव्हते.

पार्सल आमच्या तांड्यापर्यंत येत नाही. बादलने ते मानोऱ्याहून आणलं तेव्हा मी शेतात होते. घरी आले तर पिशवी याडीच्या मांडीवर उघडलेली, आणि याडी खुशीत.

"आली वो तुही पिशवी घरी," ती म्हणाली.

"खराब होऊन आली, याडी. त्यात खूश होयासारखं काय हाय?"

"आली ना पण," ती म्हणाली आणि हातातली कात्री डब्यात ठेवून दिली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं डोकं शिलाईत अडकलं होतं.

या कामात माझ्यासारखे आणखी थोडे आहेत. एक देहरादूनचा पोरगा घरी बसून डोंगरात झोपायच्या रजया शिवतो, बंगळूरची एक जण गच्चीवर तंबू बेतते, एक माजी फौजी काठ्या बनवतो. फोनवर आमचा एक ग्रुप आहे. मी तिथे विचारलं, बुडातून पाणी का येत असेल? सगळ्यांचं एकच उत्तर. शिलाई. सुई जिथे जिथे कापडातून जाते तिथे भोक पडतं, आणि त्या भोकांवर सिलिकॉनचा लेप नीट बसला नाही की पाणी आत येतं. मला ते माहीत होतं. मी लेप लावलाच होता. तरी सगळी शिलाई पुन्हा तपासली, थिनरमध्ये सिलिकॉन पातळ करून बारीक ब्रशने पुन्हा दोन हात दिले आणि पिशवी सावलीत वाळत टाकली.

दुसऱ्या दिवशी पिशवीत कळशीभर पाणी ओतलं आणि ती कडुनिंबाच्या फांदीला टांगली. खाली बसून बघत राहिले. शिलाई कोरडीच्या कोरडी. मनात म्हटलं, जिंकलं. आणि एक थेंब पडला.

तो शिलाईतून आलाच नव्हता. बुडाच्या थोडं वर, जिथे माणसाची पाठ टेकते, तिथे नुसत्या कापडातून थेंब येत होते. तिथे मी सुई लावलीच नव्हती. बोटाने चाचपलं तर बारीक बारीक भोकं, एकमेकांना खेटून. कापडच सडकं निघालं, असं मला वाटलं. कापड पाठवणाऱ्याला फोनवर काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवून ठेवलं. शिव्या नाहीत, पण शिव्यांच्या आसपासचं. फोन लावायच्या आधी खात्री करावी म्हणून घरात तयार असलेल्या दुसऱ्या पिशवीत पाणी भरून तीही टांगली.

तीही गळाली. त्याच जागेतून.

मग मी तिसरी घेतली, पाणी न भरता उन्हात धरली आणि डोळे बारीक करून बघितलं. तिथे एक टाका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, फुलीसारखा, हाताने घातलेला. दोरा माझ्याच रिळातला, करडा, कापडात मिसळून जाणारा. कोणाला दिसू नये म्हणून मुद्दाम करडा घेतलेला.

याडी लसूण सोलत होती.

"याडी, हे काय हाय?"

तिने बघितलं. "टाका."

"कोणी टाकला?"

"म्याच. अजून कोण टाकन?"

माझ्या डोक्यात काय झालं ते मी सांगू शकत नाही. इतका राग आला की मी आधी पिशवी खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. "आन जे पिशवी परत आली, तिच्यात कुठं गेला?"

"सोडवला," ती शांतपणे म्हणाली. "घरी आली ना ते. परत आल्यावर टाका सोडवाच लागते, तुले काय नवीन हाय? तुयाच गाठोड्याचा किती खेपा सोडवला म्या."

खरं होतं. ही आमच्या घराची रीत, दुसऱ्या घरात असेल की नाही मला माहीत नाही. तांड्यातून कोणी लांब कामाला निघालं की त्याच्या गाठोड्याला घरातली म्हातारी एक टाका घालते, पाठीला लागेल अशा जागी. माणूस परत आला की तिनेच तो सोडवायचा. दरवर्षी ट्रक निघताना याडी सुई घेऊन उभी असायची, आणि दरवर्षी परत आल्यावर पाणी द्यायच्या आधी गाठोडं मागायची. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यासमोर होतं. पण गाठोडं पोत्याचं असतं, आणि पोत्याला भोकांची काय भीती? तिने तेच माझ्या कापडाला केलं. पिशवी लांब चालली, तर टाका नको? आणि गळाली म्हणून परत आली, तर तिच्या लेखी ती सुखरूप घरी आली.

"याडी, त्या टाक्यानं भोक पडते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "त्या भोकातून पाणी गेलं. तो पोरगा डोंगरावर रातभर कुडकुडला. आन आता आमाले उसाले जा लागते ते या टाक्यापायी!"

बादल दारात उभा राहून ऐकत होता. त्याला आधी हसू आलं होतं, माझा चेहरा बघून ते मावळलं. आणि मग तो मला सोडून आईवरच उखडला. "कायले करतं याडी हे? टाका तं बाच्या गाठोड्यालेही होता ना?"

याडीचा हात लसणावरच थांबला.

माझे सासरे प्रेमसिंग रस्त्याच्या कामावर गेले होते, बादल लहान असताना. तिथेच गेले. कोणीतरी त्यांचं गाठोडं आणून दिलं. ते आजही आमच्या खुंटीला आहे. दिवाळीला घर सारवताना मी सगळं खाली काढते, ते एक सोडून.

"होता," याडी म्हणाली. "गाठोडं आलं, माणूस नाही आला. तो टाका सोडवला का म्या? पाह्य जाऊन."

बादलने मान खाली घातली. तो बघायला गेला नाही. त्याला माहीत होतं.

"टाका माणसाले आणत नसते रे," ती म्हणाली. "एवढी बह्याड नाही मी. टाका पाठीले टोचते. टोचला का माणसाले याद येते, घरी कोणी वाट पाहून राह्यलं. मंग तो धोंडा पाहून पाय टाकते. तुया बाचा टाका म्या घाईत टाकला होता, आतल्या अंगानं गेला. टोचलाच नसन त्याले."

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. गेला मात्र नक्की. पण पाणी तर गळतच होतं, आणि राग गेल्याने गळणं थांबत नाही.

ती संध्याकाळ मी नुसती पिशव्यांकडे बघत काढली. याडीला "पुन्हा टाका टाकू नको" म्हणून सांगणं सोपं होतं. तिने ऐकलंही असतं, वरवर. पण माझी पाठ वळली की तिने आणखी बारीक टाका घातला असता, मला ओळखू येणार नाही असा. चाळीस वर्षांत जिने कोणाला टाक्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं, ती प्रसेनजितच्या बारा पोरांना सोडणार होती? आणि खरं सांगू, मलाही ते सांगायचं नव्हतं.

पाणी जिथे जातच नाही अशी जागा मला हवी होती. खांद्याचे पट्टे! पट्टा पिशवीच्या बाहेर असतो, त्याला भोक पडलं तर पडलं. पण याडी म्हणाली, टाका टोचला पाहिजे. पट्ट्याच्या आत जाडसर पॅड असतं, वरच्या अंगाला टाका घातला तर खांद्याला कळणारच नाही. मी पिशवीत गहू भरले, पाठीला लावली आणि अंगणात चकरा मारल्या. चालता चालता माझे दोन्ही अंगठे आपोआप पट्ट्यांत अडकले, छातीच्या जरा वर. भोसरीला जे जे लोक पिशवी घालून बघायला यायचे ते सगळे हेच करायचे. भार पुढे ओढून धरायला माणसाचा अंगठा तिथेच जातो, त्याला शिकवावं लागत नाही.

मी याडीला उठवलं, पिशवी तिच्या पाठीला लावली. "चाल."

"माहे गुडघे..."

"दारालोक चाल."

ती चालली. चार पावलांत तिचा अंगठा पट्ट्यात गेला. मी तिथे बोट ठेवलं. "इथं टाक. अंगठ्याले टोचन."

ती थांबली, अंगठा तिथे दोन-तीनदा घासून बघितला. मग म्हणाली, "लाल दोऱ्यानं टाकू का?"

"लाल दोऱ्यानं टाक. आन लपून टाकू नको."

"तू वरडतं मून लपून टाकला होता."

"आताही वरडीन, अंदर सुई गेली तं."

ती खुदकन हसली. पट्ट्यावर टाका घातला आणि मी पिशवी काट्यावर ठेवली. टाक्याआधी होता तिथून काटा जराही हलला नाही. मी तिला तो दाखवला, तर म्हणाली, "वाट पाहाचं वजन काट्यावर कुठं येते?" म्हातारी बोलायला लागली की अशी बोलते, मग दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

भोकं पडलेल्या सगळ्या पिशव्यांना आतून त्याच कापडाचं नखाएवढं ठिगळ सिलिकॉनने चिकटवलं. रात्रभर पाण्याने भरून टांगल्या. सकाळी अंगण कोरडं होतं. त्यातली एक, लाल टाक्याची, मी नवरात्राच्या आधी प्रसेनजितला पाठवली. त्याचा निरोप आला: पोचली, आता हिमालयात रस्ता बघायला चाललो, तिथे रेंज नाही, आल्यावर सांगतो.

आल्यावर कधी, ते त्याने लिहिलं नव्हतं.

दसरा झाला. आपट्याची पानं वाटून झाली. मी दिवसातून शंभरदा फोन बघत होते आणि रुपाबाई मला चिडवत होती, "एवढा तं नवऱ्याचाही फोन पाहत नव्हती वो तू." बादलने कोयत्यांना धार लावली. त्या धारेचा आवाज मला भांडणापेक्षा जड जात होता.

मग ट्रक आला. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर आला, आणि तांड्याच्या नायकाच्या घरासमोर उभा राहिला. बायका भांडी चढवत होत्या, कोंबड्यांचे पाय बांधलेले, कोणाची शेळी चढायला तयार नव्हती. गोविंदसिंग खाली उभा राहून एकेकाला हाका मारत होता. तो वाईट माणूस नाही. त्याला कोयते मोजून कारखान्यावर पोचवायचे असतात, त्याचं पोटही त्यावरच.

"बादल, चला बापू," तो म्हणाला. "जागा धरून ठेवली हाय पुढची."

बादलने माझ्याकडे बघितलं. "फोन आला?"

"नाही आला."

"मंग ठरलं होतं ते ठरलं होतं." त्याने गाठोडं उचललं.

माझ्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. प्रसेनजितचा होकार नव्हता, नकारही नव्हता. पण त्या क्षणी मला एक गोष्ट पक्की कळली. पिशवी गळणार नव्हती. मी ती भरून टांगली होती, खाली बसून रात्र काढली होती. डोंगरावर जाऊन कोणी मला सांगायची गरज नव्हती.

"मी येत नाही," मी म्हटलं.

"निता."

"पिशवी गळत नाही. मले माहीत हाय. आज फोन आला नाही तं उद्या येईन. आन या प्रसेनजितनं नाही घेतल्या तं दुसरा घेईन. मी मशिनीवर बसतो, तू कापड काप, मानोऱ्याले पार्सल ने. आपला कोयता इथंच चालन."

तांडा ऐकत होता. गोविंदसिंगने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "पोरी, हंगाम गेला तं मंग कोणी इचारत नाही बरं."

"नका इचारू, काका."

बादल लाल झाला. चार लोकांत बायकोने असं करावं, हे त्याला जड गेलं, आणि ते मला समजत होतं. पण मी पाय हलवला नाही. शेवटी तो आईकडे वळला. याडी ओसरीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर सुयांचा डबा. दर वर्षी बसते तशीच.

"याडी, सांग इले तू," तो म्हणाला आणि गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. "टाक टाका."

याडीने डबा उघडला. सुई काढली. मग डब्यात बराच वेळ हात फिरवत राहिली.

"दोरा सरला," ती म्हणाली.

बादल वाकून बघायला लागला. "काय सरला? हे काय पडलं रीळ, लाल."

"ते पिशव्याइचं हाय," याडी म्हणाली आणि डबा बंद केला.

मग ट्रकमधून रुपाबाईच्या नवऱ्याने मोठ्याने हसायला सुरुवात केली आणि मागे बसलेले सगळे हसले. गोविंदसिंगही हसला, वैतागून. बादल तसाच वाकलेला. आईच्या तोंडाकडे बघत राहिला, मग माझ्या. टाक्याशिवाय या घरातून कोणी गेलेलं नव्हतं, आणि तोही जाणार नव्हता, हे त्यालाही कळलं असावं. त्याने गाठोडं उचललं आणि आत नेऊन खुंटीला लावलं, बापाच्या शेजारी.

"जा काका," तो बाहेर येऊन म्हणाला. "यंदा अर्धाही नाही मी."

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो. मला भीती वाटत होती, उगाच खोटं कशाला बोलू. पण मी मशीनवर जाऊन बसले, कारण उभं राहून भीती कमी होत नाही. थोड्या वेळाने बादल आला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "कापाचं कसं, दाखव." पहिलं कापड त्याने वाकडं कापलं. दुसरं सरळ आलं.

प्रसेनजितचा फोन आलाच नाही. दिवाळीला तो मेडशीला घरी आला होता, तिथून गाडीवर थेट आमच्या दारात उभा. चेहरा उन्हाने भाजून काळा पडलेला, नाकाची सालं निघालेली, आणि पाठीवर माझी पिशवी.

मी पाणी द्यायचंही विसरले. "गळली?"

"थेंबभर नाही," तो म्हणाला. "दोन दिवस नुसता पाऊस, मंग बर्फ. अंदर सारं कोरडं. पण वहिनी, एक तक्रार हाय."

बादल उठून उभा राहिला.

"या पट्ट्यावर काहीतरी हाय. अंगठ्याले टोचते. अवघड जागी तं हमखास टोचते, का तथी आपण पट्टा धरूनच चालतो ना. चाकूनं काढाले गेलो होतो, मंग म्हटलं सारी शिलाई उसवन. ते तेवढं बाकीच्याइले नको."

"आन इकडे," याडी ओसरीतून म्हणाली.

त्याने पिशवी तिच्याकडे दिली. तिने ती आतून चाचपली नाही, पाणी लागलं की नाही ते बघितलं नाही. पट्टा ओढून घेतला, डब्यातून कात्री काढली आणि लाल टाका अलगद सोडवला. मग प्रसेनजितकडे वर बघून म्हणाली, "आला ना बाबू घरी. आता पाणी दे वो त्याले."

मी पाणी दिलं आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. पहिली पिशवी का गळाली, टाका कशाचा, अंगठ्याशी का. प्रसेनजित आधी हसत ऐकत होता. मग नुसतं ऐकत राहिला. त्याचा अंगठा रिकाम्या पट्ट्यावर फिरत होता, जिथे आता काही नव्हतं.

"मंग बाराइले टाका, काकू," तो शेवटी म्हणाला. "बारा पिशव्या पक्क्या."

बादलने माझ्याकडे बघितलं. त्याला हसू दाबता येईना. मला तर रडू येत होतं, आणि मी ते दाबलं नाही.

"बारा टाके टाकीन," याडी म्हणाली. "पण सोडवाले आणा लागतीन."

"आणतो ना काकू. साऱ्या पिशव्या घेऊन येतो."

याडीने मान हलवली. तिने त्याचा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि एकदा आत खुंटीकडे बघितलं.

"पिशव्या नाही आणल्या तरी चालन," ती म्हणाली. "गाठोडं तं कोणीही आणून देते. तू माणसं मोजून आणजो."